सूफ्लेझ

यंत्राने काहीतरी गिळलं. आधी घशात हाड अडकावं तसा खर्र आवाज, मग एक झटका, जो मुठींतून थेट खांद्यापर्यंत आला, आणि मग इंजिन आचका देऊन बंद पडलं. गल्लीत एकदम इतकी शांतता झाली की माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचातरी वाटला. दांड्यांवरचे हात तसेच ठेवून मी उभा राहिलो. पहिला विचार यंत्राचा आला नाही. लिएत खिडकीत असेल का, हा आला. मागे वळून पाहायचा धीर झाला नाही. बायको खिडकीत असली तर तिने पाहिलंच असणार, आणि नसली तर वळून पाहणाऱ्या म्हाताऱ्याला गल्लीतलं दुसरं कुणीतरी पाहणार. म्हणून मी समोरच्या ढिगाकडेच पाहत राहिलो, जणू थांबायचं मीच ठरवलं होतं. रात्रभर पडलेला बर्फ अंगणात मऊ होता, तो यंत्राने कणीक ओढावी तसा ओढून हवेत फेकला होता. पण दाराच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, नगरपालिकेची नांगरगाडी पहाटे जो बांध टाकून जाते, तो वेगळाच माल असतो. मीठ, माती, गोठलेली ढेकळं, रस्त्यावरचं काय वाटेल ते. सगळा रस्ता स्वच्छ करून ती गाडी आपली घाण ज्याच्या त्याच्या दारात ठेवून जाते. शिकूतिमीसारख्या बर्फाच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. मला दरवेळी राग येतो, आणि दरवेळी तो मी गिळतो.

हा बांध फोडणं हेच खरं काम. अंगण कुणीही साफ करील. मागच्या मार्चमध्ये असाच बांध फावड्याने फोडताना मी मध्येच पायरीवर बसलो होतो, आणि मला उठता आलं नव्हतं. इस्पितळ, छातीत घातलेली ती बारीक जाळी, गोळ्या, सगळं झालं. मग मुलगा आला, यानिक, क्वेबेक शहरातून, सुट्टी काढून. स्वयंपाकघरात बसून त्याने सूप प्यायलं आणि बशीकडे बघत म्हणाला की बाबा, आता बर्फाला कंत्राटदार लावू या. मी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, तेव्हाही चढवला नाही. पण म्हणालो की जोवर माझ्या दारातला बर्फ मी काढतोय तोवर या घराबद्दल कुणी बोलायचं नाही. घराबद्दल त्याने अजून अवाक्षर काढलं नव्हतं. मी उत्तर आधी दिलं आणि प्रश्न नंतर सगळ्यांना ऐकू आला. यानिक म्हणाला, बरं, पण मग निदान फावडं सोड. आणि हे यंत्र घेऊन दिलं. मी त्याच्या हातात हात दिला. लिएत भांडी धूत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, नळही बंद केला नाही.

कंत्राटदार म्हणजे काय ते आमच्या गल्लीत लहान पोरालाही कळतं. तो ज्याचं काम घेतो त्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी रोवतो, वर रंगीत प्लास्टिकची टोपी, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला अंधारातही कळावं की इथून इथपर्यंत आपलं. तरुण जोडपी काठ्या लावतात तेव्हा त्याला कुणी काही म्हणत नाही, त्यांना वेळ नसतो. म्हाताऱ्याच्या दारात काठ्या आल्या की गोष्ट निराळी. आधी काठ्या येतात. मग एक-दोन हिवाळ्यांनी घर विकणाऱ्या दलालाची पाटी येते. मग नदीकाठच्या त्या वृद्धनिवासातली खोली, जिथे उन्हं असतानाच रात्रीचं जेवण वाढतात आणि जेवून झालं की गळ्यातला कागदी रुमालही दुसरंच कुणी काढतं. पलीकडची मादाम रेनाल्द अशीच गेली, कोपऱ्यावरचा तो अबोल सुतार असाच गेला. काठ्या रोवलेल्या घरासमोरून जाताना माणसं जरा हळू बोलतात. मीही हळू बोललो आहे.

मी यंत्राच्या पुढे गेलो आणि वाकून पाहिलं. पुढच्या तोंडात ते दोन मोठे मळसूत्री स्क्रू असतात, ते बर्फ मधोमध ओढतात, आणि मागचं फिरतं पातं तो वरच्या नळातून भिरकावून देतं. स्क्रू आणि पात्याच्या मध्ये मळक्या बर्फाचा गोळा घट्ट बसला होता आणि त्यातून काहीतरी हिरवं डोकावत होतं. मला वाटलं, पोरांचं खेळणं. मी हातमोज्याने वरवरचा भुगा झटकला. काठीचा तुकडा होता. आणि काठीच्या टोकाला हिरवी टोपी, आणि टोपीवर पांढऱ्या अक्षरांत एक आडनाव, टेलिफोनचा आकडा, आणि खाली 'बर्फ काढून मिळेल'. त्या फ्रेंच ओळीतल्या एका अक्षरावरचं चिन्ह गाळलेलं होतं. चाळीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. माझ्या दारात माझ्या परस्पर रोवलेली काठी माझ्या यंत्राच्या तोंडात अडकली आहे हे कळायच्या आधी मला ती चूक दिसली. आणि मग बाकीचं कळलं. आणि मला वाटतं, त्या चुकीनेच माझा राग पेटला. निदान नीट लिहायचं तरी.

काल दुपारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. बसने गेलो, बसने आलो, येताना बर्फ तिरका पडत होता आणि डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे दिवे फुगलेले दिसत होते. दाराच्या एका अंगाला एक हिरवी टोपी दिसली होती खरी, शेजाऱ्याच्या बाजूला. त्याच्याकडे हाच कंत्राटदार येतो. त्याचीच असणार म्हणून मी तिच्याकडे दोनदा पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे ती आणि मला न दिसलेली दुसरी, दोन्ही काठ्या माझ्याच होत्या. ऐन जानेवारीत कोण काठ्या रोवतं, जमीन दगडासारखी असते, पण कंत्राटदाराने नुसत्या ढिगातच खोचल्या, आणि पहाटे नांगरगाडीने त्यातली एक आडवी करून बांधात पुरली. यानिकने केलं हे. हात हातात घेऊन दिलेला शब्द, आणि मग मी डॉक्टरकडे गेलेली दुपार बघून, एका फोनवर. मला त्याचं ते बशीकडे बघणं आठवलं. लहानपणीही काही फोडलं की तो असाच बशीकडे बघायचा.

राग यायला लागला की माझं काय होतं हे मला कधी नीट सांगता आलेलं नाही. इतरांना तो बाहेर नेतो, मला आत लोटतो. छातीच्या वर, गळ्याच्या खाली, एक जागा आहे, तिथे तो येऊन बसतो आणि शब्द त्याच्यामागे रांगेत उभे राहतात. माझ्या वडलांचं तसं नव्हतं. ते नदीवर ओंडके वाहून नेणाऱ्यांतले. ओंडके एकमेकांत अडकले की सगळी टोळी त्यांवर उभी राहून शिव्या द्यायची म्हणे, शिव्यांशिवाय लाकूड हलत नाही. आमच्याकडच्या शिव्या कुणाच्या आईबहिणीवरून जात नाहीत, त्या वेदीवरच्या भांड्यांवरून जातात. वडील घरी अंगठ्यावर हातोडी मारून घेत तेव्हा अख्खी वेदी खाली यायची. प्याला, तबक, पवित्र भाकरी, आणि सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जोरात ताबर्नाक, म्हणजे वेदीवरचं ते कुलूपबंद कपाट, ज्यात प्रभूचं शरीर ठेवतात. आई मला हाताला धरून दुसऱ्या खोलीत न्यायची. पण मी रविवारी वेदीवर सेवा करणारा पोरगा. ती भांडी मीच घासायचो. प्याल्याचा काठ किती पातळ असतो, त्या कपाटाची किल्ली किती लहान आणि किती गार असते, हे माझ्या बोटांना माहीत होतं. त्यामुळे ते शब्द माझ्या तोंडात कधी शिवी झालेच नाहीत, त्यांना कायम चांदी घासायच्या पुडीचा वास येत राहिला. गल्लीत, शाळेत, छापखान्यात सगळे ते शब्द मिठासारखे वापरत, आणि मी गप्प. छापखान्यातले खिळे जुळवणारे जुळारी मला मठवासी म्हणायचे. बायकांसमोर म्हणायचे, ते जास्त लागायचं.

"काय पंडित, चावली का?"

ओव्हिला होता, शेजारी. कॉफीचा कप घेऊन आपल्या दाराशी उभा, पायात चपलाच, कारण त्याचं अंगण ट्रॅक्टरने पहाटेच चाटूनपुसून ठेवलेलं. मला पंडित म्हणायचं त्यानेच सुरू केलं. हे यंत्र आलं त्या दिवशी त्याने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की आता आन्सेल्मकडे, म्हणजे माझ्याकडे, दोन सूफ्लेझ झाल्या. या यंत्राला आम्ही सूफ्लेझ म्हणतो, फुंकणारी. आणि नाटकात रंगमंचाच्या पेटीत बसून नटाला विसरलेली वाक्यं फुंकते, त्या प्रॉम्प्टर बाईलाही हाच शब्द. लिएत लग्नाआधी धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नाटकांना प्रॉम्प्टर असायची. विनोद इतकाच, पण ओव्हिलाला तो पुरून उरला आहे.

मी म्हणालो की काठी अडकली आहे. कुणाची तेही त्याला ठाऊक होतं. कप तोंडाला लावत त्याने मला सांगितलं की काल दुपारी तो माणूस काठ्या खोचत होता तेव्हा त्याने खिडकीतून पाहिलं, आणि मनात म्हणाला, सुटला एकदाचा हा, आला आपल्यात. पलीकडच्या बाईनेही पाहिलं. टपालवाल्यानेही. म्हणजे मी बसमधून उतरून, फुगलेल्या दिव्यांतून चाचपडत घरी आलो, तोवर माझी बातमी गल्लीभर होऊन शिळी झाली होती.

मी विचारलं, "बोलावलं कुणी त्याला?"

"मला काय माहीत. माझ्या घरात मला कोण काय सांगतं, तर तुझ्या घरातलं सांगतील?" मग त्याने कप डाव्या हातात घेतला आणि उजवा वर केला. अंगठा, करंगळी, आणि मध्ये तीन खुंट. "हात घालू नकोस हं पंडित. बंद असली तरी. माझी पण बंदच होती, देवाशप्पथ."

हे तो दरवर्षी सांगतो. दरवर्षी सगळे हसतात. बंद यंत्र बोटं कशी कापेल. चालू यंत्रात हात घातलास आणि आता बायकोची बोलणी चुकवायला बंद होती म्हणतोस, असं त्याला तोंडावर म्हणतात आणि तोही हसतो. मी कधी म्हटलं नाही, पण माझंही मत तेच. ते वाक्य माझ्याकडे तपासायला आलं असतं तर समासात मी प्रश्नचिन्ह टाकलं असतं. मी मान हलवली. तो आत गेला. दार लागल्याचा आवाज आला आणि मग आतून त्याच्या बायकोचं हसणं. ते माझ्यावर होतं की रेडिओवर, मला कळायचं कारण नव्हतं. मी ते माझ्याकडे घेतलं.

अशा वेळी वापरायला यंत्राबरोबर एक छोटी प्लास्टिकची फळी येते, हँडलला अडकवून ठेवायची. माझी तळघरात खुंटीला होती, तिची खिट्टी तुटल्यापासून. ती आणायची म्हणजे घरात जायचं, स्वयंपाकघरातून जायचं, लिएतच्या समोरून जायचं, आणि तिने काय झालं विचारलं की सांगायचं, की आपल्या पोराने आपल्याला मोडीत काढलं. हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नव्हतं. मला ते बोलायची लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणून अधिक राग येत होता. यानिकचा, त्या कंत्राटदाराचा, त्या गाळलेल्या चिन्हाचा, ओव्हिलाच्या चपलांचा, जाळी घातलेल्या या छातीचा, जी या क्षणीही मुकाट, नेमाने धडधडत होती, जणू तिला या घरातलं काहीच लागू नाही. यंत्र बंद होतं. मी उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. काठीचं टोक धरून ओढायचं, एवढंच. मी गुडघा बर्फात टेकला आणि हात आत घातला. लोखंड इतकं गार होतं की कातडी क्षणभर चिकटली. आत अंधार, तेलाचा वास, आणि बोटांना काठीचा फुटका काठ लागला, करवतीसारखा. मी आणखी आत सरकवला हात. मनगटापर्यंत. काहीतरी ताणलेलं आहे असं बोटांना जाणवलं, जसं दाव्याला हिसडा देण्याआधी जनावर स्तब्ध उभं असतं तसं, पण मला वाटलं तो माझाच हात थरथरतोय.

"ताबर्नाक."

मागून आला तो शब्द. ओरडून नाही आला. कुजबुजही नव्हती. तो एक खास आवाज असतो, जो नटाच्या कानापर्यंत पोचतो आणि पहिल्या रांगेच्या आधी संपतो. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा धर्मग्रामाच्या सभागृहात रंगीत पुठ्ठ्याच्या दारासमोर उभा होतो. मला नोटरीचं काम होतं, तीन वाक्यांचं, कारण माझ्याकडे काळा कोट होता. पहिलं म्हटलं आणि दुसरं गेलं. समोर अख्खं गाव, पाद्रीबाबा, माझे वडील हात बांधून. आणि पायांशी त्या पेटीतून, दिव्याच्या पिवळ्या वर्तुळातून, एक मुलगी वर माझ्याकडे बघत होती. तिने माझं वाक्य मला दिलं, इतक्या हळू आणि इतक्या स्वच्छ, की मला वाटलं ते मलाच आठवलं. पुढे संसारात कित्येकदा तसंच झालं. लोकांत मी अडलो की शेजारून एक शब्द यायचा. पण हा शब्द तिच्या तोंडून मी कधीही ऐकला नव्हता. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी बाई. मला इतकं नवल वाटलं की मी सगळाच थांबलो, आणि हात तसाच मागे घेतला, जणू कुणी देवळात हाक मारली होती.

लिएत झोपायच्या झग्यावर माझा जुना कोट टाकून, पायात माझेच बूट घालून उभी होती. केस मोकळे होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती, एकेक बोट बघावं तसं.

मग ती बुटांत पाय घसटत ओव्हिलाच्या बाजूला गेली, तिथली ती दुसरी काठी तिने दोन्ही हातांनी उपसली आणि मला आणून दिली. मी ती काठी बर्फाच्या गोळ्यात घातली आणि टोचू लागलो. एकदा, दोनदा. गोळा भेगाळला. मग आतून ठाड् असा आवाज झाला आणि बंद यंत्र हललं. पातं पाव फेरी फिरलं असेल, पुरती नाही. माझ्या हातातली काठी जागच्या जागी मोडली, तिचं टोक नळातून उडून कुंपणापलीकडे पडलं, आणि हिरवी टोपी यंत्राच्या तोंडाशी गोल फिरत राहिली. मग ती थांबली.

काठी मोडल्याचा आवाज कोरडा होता. आम्ही दोघांनीही तो ऐकला. मी माझा उघडा हात कोटाच्या खिशात घातला.

"ओव्हिला खरं बोलत होता," मी म्हणालो.

"फोन मी केला," लिएत म्हणाली. "यानिकला काही माहीत नाही. उगाच त्याच्यावर दात खाऊ नकोस."

मला ते आधी कळलंच नाही. सकाळपासून जो राग मी यानिकच्या तोंडावर बांधून ठेवला होता तो एकदम सुटा झाला आणि त्याला कुठे बसवावं सुचेना. मी म्हणालो की विचारायचंस तरी.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"मग?"

मी काठ्यांचं बोललो. काठ्यांनंतर काय येतं ते तिलाही माहीत आहे असं म्हणालो. पाटी, खोली, कागदी रुमाल. आवाज माझा नेहमीसारखाच होता, खाली. ती ऐकत राहिली. तिचे ओठ थंडीने निळे पडले होते, आणि ती आत जात नव्हती.

"असं कुणी ठरवलं?"

"सगळी गल्ली जाणते."

"गल्लीशी मी लग्न नाही केलं. घर राहील. मी सह्या करणार नाही, यानिक हातापाया पडला तरी. पण हे," तिने बुटाने यंत्राला टोच मारली, "हे आता पुरे. बर्फ पडला की मी खिडकीत उभी असते आन्सेल्म. तुला वाटतं, बर्फ बघते? दर वेळेला तू वाकलास की मी मोजते. उठेस्तोवर मोजते. मार्चमध्ये मी मोजत राहिले आणि तू उठलाच नाहीस."

ती हे रडत बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती चिडून बोलली. खिडकीतली ती मला कायम माझ्यावर नजर ठेवणारी वाटायची, परीक्षा घेणारी, आणि त्या नजरेसाठी मी ताठ उभा राहायचो, कंबर मोडत असली तरी. आणि तरीही मला राग होता. हे कुणी समजून घ्यावं असं मला वाटत नाही. तिने माझी बोटं वाचवली होती, ती बरोबर होती, पहिल्यापासून बरोबर होती, आणि मला न विचारता माझ्या हातातलं शेवटचं काम तिने दुपारच्या एका फोनवर काढून घेतलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या होत्या. मी तोंड उघडलं. गळ्याखालच्या त्या जागेत सगळं येऊन दाटलं, वडील, ओंडके, जुळारी, कागदी रुमाल, आणि तिथेच अडलं. मी नुसता तोंड उघडून उभा राहिलो. वाफ बाहेर पडत होती, शब्द नाही.

लिएतने माझ्याकडे वर पाहिलं. पेटीतून पाहायची तसं.

"बोल ना," ती म्हणाली. आणि मग त्याच आवाजात, ओठ न हलवल्यासारखं करत, तिने तो शब्द मला पुन्हा दिला.

मी तो म्हटला. पहिल्यांदा तो चाचरत आला, कपाटाची गार किल्ली जिभेवर ठेवल्यासारखा. दुसऱ्यांदा म्हटला तेव्हा माझा आवाज मला ओळखू आला नाही, तो वडलांचा होता. रस्त्यापलीकडच्या छपरावरून बर्फाचा एक पापुद्रा घसरला. मग प्याला, मग तबक, मी मोडक्या काठीने यंत्राच्या पत्र्यावर ठोकत एकेक भांडं खाली आणलं, यानिकच्या नावाने नाही, लिएतच्या नावाने नाही, कुणाच्याच नाही आणि सगळ्यांच्या. ओव्हिलाचं दार उघडलं. तो कप हातात घेऊन उंबऱ्यावर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभा राहिला. पलीकडच्या बाईचा पडदा हलला. मी थांबलो नाही. पण माझी आठवण अशीच, अर्ध्यात जाते. तबकानंतरचं काही केल्या मला आठवेना. काठी वर उचललेली, अख्खी गल्ली बघते आहे, आणि पुढचं वाक्य गेलं.

लिएतने छातीवर क्रूस काढला, आणि हळूच पुढचा शब्द सांगितला.